विद्यार्थी आंदोलन आणि महाविद्यालयाच्या आवारातील अभिव्यक्तिस्वातंत्र्य: खान्देशातील विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत रखडलेले निकाल, न मिळालेली शिष्यवृत्ती, वसतिगृहाचे जेवण, परीक्षा शुल्कातील वाढ अशा कारणांवरून विद्यार्थ्यांना वरचेवर रस्त्यावर यावे लागते. अशा वेळी जे प्रश्न विचारले जातात, त्यांतील बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी भीती असते: गुन्हा दाखल होईल का, दाखला अडवला जाईल का, भरतीत अडचण येईल का. सातपुड्याच्या पाड्यावरून शिकायला आलेल्या, घरातील पहिल्याच पदवीधर होऊ पाहणाऱ्या मुलीला ही भीती अधिक असते, कारण तिच्याजवळ गमावण्यासारखे एकच वर्ष असते. कायदा जेवढे बोलू देतो त्याच्या निम्मेही आपल्या महाविद्यालयांत बोलले जात नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामुळे पुढील उत्तरांत मर्यादा कोठे आहे हे जसे सांगितले आहे, तसेच ती कोठे नाही हेही सांगितले आहे.

महाविद्यालयाच्या फाटकाच्या आत आल्यावर भाषणाचे स्वातंत्र्य उरते का?

उरते. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(क) ने भाषण व अभिव्यक्तीचे आणि अनुच्छेद १९(१)(ख) ने शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य प्रत्येक नागरिकाला दिले आहे. विद्यार्थी म्हणून नाव नोंदवल्याने नागरिकत्व स्थगित होत नाही. १९६२ च्या कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निदर्शने हाही अभिव्यक्तीचाच एक प्रकार असल्याचे मान्य केले. १९८६ च्या बिजो इमॅन्युएल प्रकरणात तर शाळकरी मुलांचा प्रश्न होता. केरळमधील तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, परंतु धार्मिक श्रद्धेमुळे ते गात नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढले होते. न्यायालयाने त्यांना परत घेण्याचा आदेश दिला.

आपल्या भागात हा विषय नवा नाही. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारमध्ये विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि पंधरा-सोळा वर्षांचा शिरीषकुमार मेहता हातातील तिरंगा न सोडता पडला. लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास हे त्याचे सोबतीही त्याच दिवशी गेले. त्यांच्या स्मारकापुढे दरवर्षी भाषणे होतात. त्याच जिल्ह्यातील विद्यार्थ्याला फाटकाशी निवेदन वाचून दाखवण्याची भीती वाटावी, ही गोष्ट त्या भाषणांशी जुळणारी नाही.

आमचे महाविद्यालय खासगी संस्थेचे आहे. त्याला हे सर्व लागू होते का?

मूलभूत हक्क प्रामुख्याने शासनाविरुद्ध मागता येतात, हे खरे आहे. परंतु खान्देशातील बहुतेक महाविद्यालये कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि त्यांतील अनेकांचे वेतन अनुदानातून येते. अशी संस्था सार्वजनिक कर्तव्य पार पाडत असते, म्हणून तिच्या निर्णयाविरुद्ध अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जाता येते. विनाअनुदानित संस्थेच्या बाबतीत युक्तिवाद अधिक करावा लागतो, पण दार पूर्ण बंद नसते. संलग्नतेच्या अटी आणि विद्यापीठाचे परिनियम तिलाही पाळावेच लागतात.

मर्यादा नेमकी कोठे सुरू होते?

अनुच्छेद १९(२) मध्ये निर्बंधाची आठ कारणे दिली आहेत: देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परकीय राष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि अपराधाला चिथावणी. सार्वभौमत्वाचे कारण १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने त्यात आले. निर्बंध यांपैकी एखाद्या कारणासाठीच, कायद्याने आणि वाजवी मर्यादेतच घालता येतो. ‘संस्थेची प्रतिमा मलिन झाली’ हे कारण या यादीत नाही. ‘वरिष्ठांचा अनादर झाला’ हेही नाही. प्राचार्यांच्या कार्यालयातून निघणाऱ्या नोटिशींत मात्र हीच दोन कारणे सर्वांत जास्त आढळतात.

२०१५ मध्ये श्रेया सिंघल प्रकरणात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने चर्चा, समर्थन आणि चिथावणी असे तीन टप्पे स्पष्ट केले. एखाद्या मताची चर्चा करणे किंवा ते मत कितीही अप्रिय असले तरी त्याचा जोरदार पुरस्कार करणे, इथपर्यंत भाषण सुरक्षित आहे. चिथावणीच्या पायरीवर पोहोचल्यावरच निर्बंधाचा प्रश्न येतो. ‘शुल्कवाढ करणारे व्यवस्थापन लुटारू आहे’ ही घोषणा कठोर आहे, कदाचित अन्यायकारकही असेल, पण ती टीका आहे. ‘लेखापालाला आत्ताच्या आत्ता बाहेर ओढा’ असे संतापलेल्या जमावाला सांगणे ही चिथावणी आहे. पहिल्या वाक्याला उत्तर द्यायचे असते आणि दुसऱ्याला प्रतिबंध करायचा असतो. हा भेद ज्या प्राध्यापकाला वा पोलीस निरीक्षकाला कळतो, त्याच्या हद्दीतील आंदोलने सहसा शांततेत पार पडतात.

सरकारविरोधी घोषणा दिल्यास राजद्रोह होतो का?

नाही. १९६२ च्या केदारनाथ सिंह प्रकरणापासून न्यायालयाची भूमिका अशी आहे की हिंसेला चिथावणी किंवा अव्यवस्था माजवण्याचा कल असल्याशिवाय सरकारवरील कडक टीका गुन्हा ठरत नाही. १९९५ च्या बलवंत सिंह प्रकरणात तर इंदिरा गांधींच्या हत्येच्या दिवशी चंदीगडमध्ये दिलेल्या फुटीरतावादी घोषणांचा प्रश्न होता. केवळ एक-दोनदा दिलेल्या, कोणताही प्रतिसाद न मिळालेल्या घोषणांनी राजद्रोह होत नाही, असे सांगून न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले.

जुन्या दंड संहितेतील कलम १२४अ ची अंमलबजावणी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्थगित ठेवण्यास सांगितले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राजद्रोह हा शब्द नाही, मात्र कलम १५२ आहे. देशाचे सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणारी कृत्ये त्यात येतात, आणि शासनाच्या धोरणांवर कायदेशीर मार्गाने बदल घडवण्यासाठी केलेली टीका त्यात येत नाही, असे स्पष्टीकरण त्या कलमातच आहे. या कलमाची शब्दरचना फार ऐसपैस आहे आणि तिचा धाक विद्यार्थ्यांना दाखवला जाऊ नये, याकडे वकिलांनी व प्राध्यापकांनी लक्ष ठेवले पाहिजे.

सभा किंवा मोर्चासाठी परवानगी लागतेच का?

आवारातील सभेसाठी प्राचार्यांना आणि रस्त्यावरील मोर्चासाठी पोलीस ठाण्याला आधी कळवणे आवश्यक आहे. आपल्याकडे मुख्य अडचण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधील कलम ३७ ची असते. सण-उत्सव, निवडणुका, जयंत्या, एखादा बंद अशा निमित्तांनी जिल्हादंडाधिकारी कलम ३७(१) व (३) खाली मनाई आदेश काढतात आणि परवानगीशिवाय पाच किंवा अधिक व्यक्तींच्या जमावाला बंदी होते. असा जमावबंदीचा आदेश शासनाच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. व्यवहारात मात्र एक आदेश संपतो न संपतो तोच दुसरा निघतो, आणि वर्षातील फार मोठा काळ जिल्हा जमावबंदीखाली राहतो. २०१२ च्या रामलीला मैदान प्रकरणात आणि २०२० च्या अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १४४ च्या (मनाई आदेशाच्या) संदर्भात सांगितले होते की मनाई आदेशाला खऱ्या, तातडीच्या धोक्याचा आधार हवा आणि मतभेद दडपण्यासाठी तो वापरता येणार नाही. तोच न्याय सवयीने निघणाऱ्या या आदेशांनाही लावला पाहिजे, असे मला वाटते.

मनाई आदेश असला तरी परवानगी मागता येते. अर्ज किमान तीन-चार दिवस आधी द्यावा. त्यात विषय, तारीख, सुरू होण्याची व संपण्याची वेळ, मार्ग, अंदाजे संख्या आणि दोन-तीन जबाबदार विद्यार्थ्यांची नावे व भ्रमणध्वनी क्रमांक लिहावेत. ध्वनिक्षेपक लागणार असेल तर त्याची परवानगी स्वतंत्र मागावी, कारण शैक्षणिक संस्थांभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करण्याची तरतूद आहे आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. मोर्चाऐवजी धरणे धरायचे असेल तर धुळ्यात क्युमाईन क्लबजवळची आणि जळगावात जिल्हाधिकारी कार्यालयासमोरची जागा सर्वांच्या परिचयाची आहे, आणि तेथे परवानगी तुलनेने लवकर मिळते. परवानगी नाकारली तर कारणासह लेखी उत्तर मागावे. तोंडी नकारावर पुढे दाद मागता येत नाही.

निवेदन कसे द्यावे? ते टोपलीत जाते, असे सर्वच म्हणतात.

टोपलीत गेलेल्या निवेदनालाही पुरावा म्हणून मोल असते, मात्र त्याची पोच आपल्याजवळ हवी. निवेदन नेहमी दोन प्रतींत न्यावे. आवक-जावक विभागातील लिपिकाकडे एक प्रत द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, गोल शिक्का आणि सही घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. ‘साहेब आले की शिक्का मारतो, नंतर या’ असे उत्तर मिळाल्यास तेथेच थांबावे किंवा पोस्टाने पोच पावतीसह पाठवावे. मागण्या क्रमाने लिहाव्यात, प्रत्येक मागणीसाठी मुदत सुचवावी आणि मुदतीत उत्तर न आल्यास कोणत्या तारखेपासून कोणते आंदोलन करणार, हेही लिहावे. पुढे कोणी ‘पूर्वसूचना न देता गोंधळ घातला’ असे म्हटले तर हा शिक्काच उपयोगी पडतो.

यासोबत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विद्यार्थी तक्रार निवारण विनियमांचा उपयोग अवश्य करावा. प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असणे बंधनकारक आहे. तक्रार समितीकडे आल्यापासून साधारणतः पंधरा कामकाजाच्या दिवसांत तिचा अहवाल अपेक्षित असतो. तो मान्य नसेल तर पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते. सूचना फलकावर या समितीच्या सदस्यांची नावे नसतील, तर पहिली मागणी तीच करावी.

घेराव, कार्यालयाला टाळे, रास्ता रोको हे अभिव्यक्तीत येते का?

येत नाही, आणि याबाबत विद्यार्थ्यांची फसवणूक करण्यात अर्थ नाही. अधिकाऱ्याला खोलीत अडकवून ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली अन्यायकारक परिरोध ठरू शकतो. धक्काबुक्की झाली आणि समोरची व्यक्ती लोकसेवक असली तर कलम १३२ लागते. ‘३५३ लावला’ असे आपल्याकडे म्हणतात, ते याचेच जुने रूप. मात्र या कलमासाठी हल्ला किंवा बळाचा वापर सिद्ध व्हावा लागतो. चढ्या आवाजात प्रश्न विचारणे म्हणजे बळाचा वापर नव्हे, आणि केवळ तेवढ्यावर हे कलम लावलेले दिसले तर वकिलाने पहिल्याच तारखेला ते न्यायालयाच्या निदर्शनास आणून द्यावे.

महामार्ग अडवणे तर कोणाच्याच हिताचे नाही. विद्यापीठापुढून जाणाऱ्या महामार्गावर जळगावच्या दवाखान्यांकडे निघालेल्या रुग्णवाहिका धावतात. शाहीनबाग आंदोलनासंबंधीच्या २०२० च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने निषेधाचा हक्क मान्य करूनही सार्वजनिक रस्ता अनिश्चित काळ अडवून ठेवता येणार नाही, असे सांगितले आहे.

आमरण उपोषणाला बसलो तर?

आत्महत्येच्या प्रयत्नाचे जुने कलम ३०९ नव्या संहितेत राहिले नाही. तथापि कलम २२६ नव्याने आले आहे. लोकसेवकाला त्याचे काम करण्यास भाग पाडण्यासाठी किंवा त्यापासून रोखण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न केल्यास एक वर्षापर्यंत साधा कारावास, दंड किंवा समाजसेवा अशी शिक्षा त्यात आहे. उपोषणाला हे कलम सरसकट लावणे चुकीचे होईल, परंतु ‘आमरण’ हा शब्द आणि आत्मदहनाचा इशारा पोलिसांना त्याकडे बोट दाखवण्याची संधी देतो. साखळी उपोषण हा अधिक सुरक्षित मार्ग आहे, आणि तो जास्त दिवस टिकतो. आत्मदहनाचा इशारा कोणत्याही विद्यार्थ्याने कोणत्याही मागणीसाठी देऊ नये. गर्दी आणि भावना यांच्या भरात तो इशारा खरा करण्याची सक्ती स्वतःवरच येऊन पडते.

आमच्या मंडळाने ठेवलेले व्याख्यान दुसऱ्या गटाने ‘उधळून लावू’ अशी धमकी दिल्यामुळे रद्द झाले. हे योग्य आहे का?

योग्य नाही. या संपूर्ण विषयातील सर्वांत वाईट पायंडा हाच आहे, म्हणून याचे उत्तर थोडे सविस्तर देत आहे.

१९८९ च्या एस. रंगराजन प्रकरणात एका चित्रपटाला विरोध करणाऱ्यांनी निदर्शनांचा आणि हिंसेचा इशारा दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशा धमक्यांमुळे अभिव्यक्ती दडपणे म्हणजे कायद्याच्या राज्याचा त्याग करणे होय. विरोधकांपासून अभिव्यक्तीचे संरक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य आहे आणि परिस्थिती हाताळता येत नाही, ही सबब त्याला सांगता येणार नाही. भाषण आणि संभाव्य धोका यांचा संबंध दूरचा किंवा काल्पनिक असून चालत नाही, तो ठिणगी आणि दारूच्या कोठारासारखा निकटचा असावा लागतो.

महाविद्यालयात प्रत्यक्षात उलटे घडते. वक्ता शांतपणे येऊन बोलून जाणार असतो, धमकी देणारे वेगळेच असतात, पण कार्यक्रम रद्द होतो तो वक्त्याचा. व्यवस्थापनाला हा उपाय सोपा वाटतो, कारण एक दिवसाची डोकेदुखी टळते. पुढच्या वेळी दुसऱ्या बाजूचे लोक तोच मार्ग वापरतात. मग गांधीजींवरचे व्याख्यान एका गटाला नको असते, सावरकरांवरचे दुसऱ्याला, आणि शेवटी सभागृहात फक्त गुणगौरव समारंभ होतात. वक्ता कोणत्या विचारांचा आहे यावरून आपली भूमिका बदलत असेल, तर ती भूमिका अभिव्यक्तिस्वातंत्र्याची नाही, हे डाव्या आणि उजव्या दोन्ही संघटनांच्या मित्रांनी लक्षात घ्यावे.

प्राचार्यांनी करण्यासारखे पुष्कळ असते. पोलिसांना आधी कळवावे, प्रवेश ओळखपत्रावर द्यावा, विरोध करणाऱ्यांना सभागृहापासून ठरावीक अंतरावर त्यांचे फलक घेऊन उभे राहू द्यावे आणि प्रश्नोत्तरांसाठी वेळ राखून ठेवावा. विरोधकांनाही बोलण्याचा हक्क आहे, पण दुसऱ्याला बोलू न देण्याचा हक्क कोणालाच नाही. एवढे करूनही तारीख बदलावी लागलीच, तर नवी तारीख त्याच पत्रात जाहीर करावी.

कोणी माझ्या जातीबद्दल किंवा धर्माबद्दल अपमानास्पद बोलले, तर तेही त्यांचे स्वातंत्र्यच का?

विचारावरील टीका आणि माणसावरील हल्ला यांत फरक केलाच पाहिजे. एखाद्या धर्मग्रंथाची, रूढीची किंवा नेत्याची चिकित्सा करणे हे विद्यापीठाचे कामच आहे. परंतु अनुसूचित जाती किंवा जमातीच्या व्यक्तीला लोकांदेखत जातीवरून हिणवणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. वसतिगृहात पावरा किंवा भिल्ल विद्यार्थ्याच्या बोलीची व राहणीची नक्कल करून त्याला नामोहरम करणे याला कोणी ‘गंमत’ म्हणत असेल, तर प्रशासनाने ते अजिबात ऐकून घेऊ नये. जो आधीच संकोचाने बोलतो त्याचा आवाज अशा छळाने कायमचा जातो. त्याला आवारात निर्धास्त वावरता येणे ही त्याच्या अभिव्यक्तीची पहिली अट आहे.

दोन समाजांत वैरभाव वाढवणारे भाषण भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली आणि धार्मिक भावना बुद्धिपुरस्सर, दुष्ट हेतूने दुखावणे कलम २९९ खाली येते. हेतू येथे महत्त्वाचा असतो. मार्च २०२५ मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवरील गुन्हा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या माणसाच्या निकषावर जोखावा, जो प्रत्येक टीकेत धोका पाहतो त्याच्या निकषावर नाही. तीन ते सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या अशा गुन्ह्यांत पोलिसांनी आधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) खाली प्राथमिक चौकशी करणे योग्य ठरेल, असेही त्या निर्णयात आहे. पोलीस ठाण्यात जमाव घेऊन येणाऱ्यांच्या दबावाखाली तासाभरात गुन्हा दाखल करण्याच्या पद्धतीवर हा निर्णय दाखवणे हा चांगला उपाय आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा इन्स्टाग्रामवर लिहिलेल्या मजकुरासाठी महाविद्यालय कारवाई करू शकते का?

मजकूर दुसऱ्या विद्यार्थ्याला धमकावणारा किंवा त्याचा छळ करणारा असेल तर करू शकते. केवळ मत पटले नाही म्हणून करू शकत नाही. मे २०२५ मध्ये पुण्यातील एका अभियांत्रिकी विद्यार्थिनीने भारत-पाकिस्तान संघर्षासंबंधीचा एक मजकूर पुढे पाठवला, थोड्याच वेळात तो काढून माफीही मागितली. तरीही तिला महाविद्यालयातून काढून टाकण्यात आले आणि अटकही झाली. मुंबई उच्च न्यायालयाने शासन व महाविद्यालय यांच्या वागण्यावर कडक ताशेरे ओढून तिची सुटका केली, निष्कासनाचा आदेश स्थगित केला आणि तिचा परीक्षेचा मार्ग मोकळा केला. एका एकोणीस वर्षांच्या मुलीला एवढ्यासाठी तुरुंगात राहावे लागले, हे मात्र त्या आदेशाने पुसले जात नाही.

समूहाच्या अ‍ॅडमिनबद्दल नेहमी विचारले जाते. दुसऱ्या सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, समान हेतू असल्याशिवाय, अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये ठरवले आहे.

भिंतीवर घोषणा लिहिणे, पत्रके लावणे?

भिंत रंगवू नये. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपणास प्रतिबंध करणारा १९९५ चा कायदा आहे. त्याऐवजी भित्तीपत्रकासाठी निश्चित फलक मागावा. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजींनी मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालवले होते. विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेला, पूर्वपरवानगीशिवाय लागणारा एक फलक प्रत्येक महाविद्यालयात असायला काहीच हरकत नाही.

प्रवेशाच्या वेळी ‘मी कोणत्याही आंदोलनात भाग घेणार नाही’ असे हमीपत्र लिहून घेतले. आता मी बांधील आहे का?

नाही. मूलभूत हक्क सोडून देता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ च्या बशेशर नाथ प्रकरणात म्हटले आणि १९८५ च्या ओल्गा टेलिस प्रकरणात त्याचा पुनरुच्चार केला. हिंसा करणार नाही, मालमत्तेचे नुकसान करणार नाही, रॅगिंग करणार नाही अशी हमी घेणे रास्त आहे. शांततामय निषेधही करणार नाही अशी हमी घेणे म्हणजे प्रवेशाच्या गरजेचा गैरफायदा घेणे आहे.

मला निलंबित केले आहे. काय करावे?

प्रथम लेखी आदेश मागावा. आरोप काय, पुरावा काय आणि कोणत्या नियमाखाली कारवाई झाली, हे त्यात असले पाहिजे. विद्यार्थ्यावर शिक्षा लादण्यापूर्वी त्याची बाजू ऐकली पाहिजे, हे तत्त्व १९६२ पासून, घनश्याम दास गुप्ता प्रकरणापासून प्रस्थापित आहे. आरोप सिद्ध झाला तरी शिक्षा प्रमाणात असावी लागते. मुंबईतील टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने एका दलित संशोधक विद्यार्थ्याला एप्रिल २०२४ मध्ये दोन वर्षांसाठी निलंबित केले. संस्थेच्या नावाशी जोडलेल्या फलकाखाली दिल्लीतील मोर्चात भाग घेणे हे त्यामागील कारणांपैकी एक होते. उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये कारवाई कायम ठेवली, तर सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निलंबनाचा काळ भोगलेल्या अवधीपुरता कमी करून त्याला संशोधन पूर्ण करण्याची वाट दिली. यातून घेण्यासारखा धडा असा की संस्थेचे नाव फलकावर वापरताना विचार करावा, आणि आदेश अंतिम समजून घरी बसू नये.

अंतर्गत गुण कमी करणे, दाखला अडवणे, वसतिगृहातून काढणे अशा लेखी नसलेल्या शिक्षा जास्त त्रासदायक असतात. त्यांची नोंद तारखेसह ठेवावी आणि माहितीच्या अधिकारात उत्तरपत्रिका व गुणनोंदीची प्रत मागावी.

मंत्री येण्याआधी पोलीस नोटीस देतात आणि ठाण्यात बसवून ठेवतात. हे कायदेशीर आहे का?

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलमावरून जिला आपण ‘१४९ ची नोटीस’ म्हणत आलो, ती आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ खाली येते. दखलपात्र गुन्हा रोखण्यासाठी पोलिसांना ती देता येते. नोटीस घ्यावी, मुदत व सहीची वेळ लिहावी. ती घेतल्याने गुन्हा कबूल केला असे होत नाही. कलम १७० खाली प्रतिबंधात्मक अटकही होऊ शकते, पण चोवीस तासांपेक्षा जास्त नाही, आणि त्यासाठी गुन्ह्याचा खरा बेत असल्याची माहिती लागते. काळे झेंडे दाखवण्याची शक्यता म्हणजे गुन्ह्याचा बेत नव्हे. नोंद न करता दिवसभर मुख्यालयात बसवून ठेवण्याला तर कायद्याचा कोणताच आधार नाही. अटक झाल्यास कारण कळण्याचा, वकिलाला भेटण्याचा आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे राहण्याचा हक्क अनुच्छेद २२ देतो. मुलींना सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी, अपवादात्मक परिस्थिती वगळता, अटक करता येत नाही.

गुन्हा दाखल झाला तर पोलीस भरती, सैन्य भरती, स्पर्धा परीक्षा संपली का?

खान्देशात पहाटे मैदानावर धावणाऱ्या मुलामुलींची संख्या पाहता हा सर्वांत खरा प्रश्न आहे. गुन्हा दाखल होणे म्हणजे दोषी ठरणे नव्हे. चारित्र्य पडताळणीच्या अर्जात माहिती लपवणे मात्र घातक ठरते. २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की माहिती खरी द्यावी, आणि नियोक्त्याने गुन्ह्याचे स्वरूप पाहून निर्णय घ्यावा. तरुण वयात दिलेल्या घोषणांसारख्या किरकोळ बाबीकडे दुर्लक्ष करता येते, असेही त्यात आहे. शिवाय राजकीय व सामाजिक आंदोलनांतील खटले मागे घेण्याचे निर्णय राज्य शासन वेळोवेळी घेते. जीवितहानी किंवा मोठे नुकसान झालेले खटले त्यातून वगळले जातात. आंदोलन शांत ठेवण्याचा हा आणखी एक फायदा आहे.

आदिवासी वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी तक्रार कोठे करावी?

नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे, आणि प्रत नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तांकडे. २०१८ मध्ये भोजनाऐवजी थेट खात्यावर पैसे देण्याच्या निर्णयाविरुद्ध विद्यार्थ्यांनी पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला होता. गृहपालांच्या तोंडी धमकीला घाबरून प्रवेश सोडू नये. प्रवेश रद्द करायला लेखी कारण लागते.

विद्यार्थी संसद असती तर एवढे आंदोलन करावे लागले असते का?

बहुधा नाही. महाराष्ट्रात नव्वदच्या दशकापासून थेट निवडणुका बंद झाल्या आणि गुणांवर प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने निवडणूक पुन्हा कायद्यात आणली, पण मतदान वर्षानुवर्षे लांबणीवर पडत गेले. विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीच्या २००६ मधील शिफारशींनी खर्चाला पाच हजार रुपयांची मर्यादा घालून पैशाचा प्रश्न हाताळलेला आहे. ज्यांना मत देण्याची जागा नाही त्यांनी फाटकावर येऊ नये, असे सांगणे न्यायाचे नाही.

अमेरिकेतील उदाहरणे येथे चालतात का?

मर्यादितच. तेथे १९६९ च्या ब्रँडनबर्ग निर्णयानुसार तत्काळ बेकायदा कृत्याला चिथावणी असल्याशिवाय भाषण रोखता येत नाही. आपल्या घटनेत निर्बंधांची कारणे जास्त आहेत. तेथील एक पद्धत मात्र घेण्यासारखी आहे: वेळ, जागा आणि रीत यांवर नियम करावेत, पण ते सर्व मतांना सारखेच लावावेत.

न्यायालयात जायला पैसे नाहीत. वाट कोणती?

जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ नुसार महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि कोठडीत असलेल्यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात साध्या कागदावर अर्ज करावा. सोबत निवेदनाची शिक्का असलेली प्रत, महाविद्यालयाचा लेखी आदेश, ओळखपत्र, जातीचा दाखला आणि पोलिसांची नोटीस मिळाली असल्यास तीही न्यावी. परीक्षा जवळ असेल तर तिचे वेळापत्रक जोडून अर्जात तातडीचे कारण लिहावे, म्हणजे अंतरिम आदेशाची मागणी पहिल्याच सुनावणीत करता येते.